मोरी ते सिंक : औंध परिसरातील स्वयंपाकघराच्या सांडपाण्याचा व हवेच्या वाटेचा इतिहास

सारांश

स्वयंपाकघरातील सिंक एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेणे ही घरदुरुस्तीतील किरकोळ बाब समजली जाते. प्रत्यक्षात भांडे हलविणे सोपे असते. त्याच्या पाण्याची आणि त्या पाण्यामागून जाणाऱ्या हवेची वाट हलविणे अवघड असते. पूर्वीच्या औंध संस्थानाचा, म्हणजेच आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत विभागलेल्या प्रदेशाचा संदर्भ घेऊन परसातील मोरी, मुंबईतील चाळीची न्हाणी आणि आजचे सिंक या तीन टप्प्यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उघड्या मोरीला हवा होती पण अटकाव नव्हता. ट्रॅपने अटकाव दिला पण हवा तोडली. वायुनळीने ती परत दिली. सिंकच्या स्थलांतरात नेमकी ही तिसरी पायरी गळते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. प्रस्तावना

मानवी वस्तीच्या इतिहासात पाणी आणण्याच्या साधनांना मानाचे स्थान मिळाले आहे. विहिरी, बारवा, तलाव, कालवे व नळयोजना यांवर शिलालेख कोरले गेले, दानपत्रे लिहिली गेली आणि ग्रंथही झाले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात आणलेल्या पाण्याचे कौतुक आजही होते. परंतु घरात आलेले पाणी वापरून झाल्यावर कोठे गेले, या प्रश्नाची नोंद क्वचितच आढळते. सांडपाणी हा शब्दच सांडून गेलेल्या, म्हणजे हिशेबातून सुटलेल्या पाण्याचा निर्देश करतो. स्वयंपाकघरातील सांडपाणी तर इतिहासाच्या दृष्टीने अधिकच दुर्लक्षित राहिले, कारण त्याच्याशी दररोज संबंध येणारी व्यक्ती प्रायः घरातील स्त्री होती आणि तिच्या कामाची दप्तरे कोणी ठेवली नाहीत.

मोहेंजोदडोच्या झाकलेल्या गटारांपासून या विषयाचा आरंभ करण्याची प्रथा आहे. तथापि सामान्य मराठी घराचा प्रवास त्या नगररचनेपासून सरळ रेषेत झालेला नाही. तो समजून घ्यावयाचा तर एखादा मर्यादित प्रदेश निवडणे अधिक उपयुक्त ठरते. औंध संस्थानाचा प्रदेश त्या दृष्टीने लक्षणीय आहे. येथे पाण्याचे दुर्भिक्ष्य, आधुनिक उद्योगाची वसाहत, ग्रामस्वराज्याचा राजकीय प्रयोग आणि शहरांकडे झालेले मोठे स्थलांतर या चारही गोष्टी एका शतकात एकत्र आलेल्या दिसतात.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
(१) देशावरील पारंपरिक घरातील सांडपाण्याच्या व्यवस्थेचे स्वरूप व कारणे स्पष्ट करणे.
(२) ट्रॅप व वायुनळी यांचा भारतीय घरात झालेला प्रवेश ऐतिहासिक क्रमाने पाहणे.
(३) सिंकचे स्थान बदलताना निर्माण होणाऱ्या दोषांची मीमांसा करणे.
(४) घरोघरी नळाचे पाणी पोहोचत असण्याच्या आजच्या काळात या इतिहासाचे महत्त्व विशद करणे.

लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, बांधकामाच्या तांत्रिक मानकांचा आधार आवश्यक तेथे घेतला आहे.

३. औंध संस्थान : प्रदेश आणि पाणी

पंतप्रतिनिधींचे औंध संस्थान सुमारे ५०० चौरस मैलांचे आणि सलग नसलेल्या तुकड्यांचे होते. राजधानीचे औंध गाव आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, यमाईच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. आटपाडी व कुंडल हे संस्थानाचे भाग आज सांगली जिल्ह्यात मोडतात, तर काही गावे विजापूरच्या बाजूला होती. भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. त्यांच्या कारकिर्दीत, १९१० मध्ये, कुंडलजवळच्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना व वसाहत उभारली आणि किर्लोस्करवाडी अस्तित्वात आली. १९३९ च्या जानेवारीत संस्थानाने स्वराज्य संविधान स्वीकारले. महात्मा गांधींचे मार्गदर्शन, अप्पासाहेब पंत यांचा पुढाकार आणि मॉरिस फ्रीडमन यांचा सहभाग यांमुळे 'औंधचा प्रयोग' म्हणून तो प्रसिद्ध झाला. निवडलेली ग्रामपंचायत हा त्या रचनेचा पाया होता. मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.

माण, खटाव व आटपाडी हा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. दुष्काळ हा येथील इतिहासाचा स्थायीभाव आहे. विहिरीतून पोहऱ्याने शेंदलेले आणि डोक्यावरून घरी आणलेले पाणी मोजूनच वापरले जाई. ज्या घरात दिवसाकाठी काही घागरी पाणी येते, त्या घरात सांडपाण्याचाही प्रश्न घागरींच्या मापाचाच राहतो. या प्रदेशातील जुन्या घरांना बंदिस्त गटाराची गरज भासली नाही, याचे मुख्य कारण अज्ञान नसून पाण्याचे हे अल्प प्रमाण होय. केंद्र शासनाच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारणविषयक मार्गदर्शिकांनीही हेच सूत्र मान्य केलेले दिसते. सार्वजनिक नळकोंडाळ्यावरून पाणी भरणाऱ्या वस्तीसाठी माणशी दररोज ४० लिटर, नळ आहे पण भुयारी गटार नाही अशा शहरासाठी ७० लिटर आणि भुयारी गटार असलेल्या शहरासाठी १३५ लिटर असे प्रमाण त्यांत धरले आहे. मैला व गाळ वाहून नेण्यास पुरेसे पाणी नसेल तर बंद गटार तुंबते, हा त्यामागील व्यवहार आहे.

४. परसातील मोरी

देशावरील वाड्यात किंवा साध्या मातीच्या घरात स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यामध्ये जाणीवपूर्वक अंतर राखलेले असे. स्वयंपाक बसून होई आणि चुलीजवळ पाण्याचे काम अत्यल्प असे. भांडी घासण्याची जागा परसात किंवा परसाकडे उघडणाऱ्या पडवीत असे. मोरी म्हणजे दगडी फरशीचा थोडा खोलगट चौकोन, त्याला भिंतीच्या बाजूने ढाळ आणि भिंतीतून बाहेर जाणारे एक भोक. बाहेर पडलेले पाणी अळू, केळ किंवा कर्दळीच्या आळ्यात मुरे.

या अंतरामागे दोन कारणे होती. पहिले आचाराचे. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांत खरकट्याचा स्पर्श चुलीला होऊ न देणे हा कडक नियम होता. उष्टी भांडी स्वयंपाकघराबाहेर जात आणि घासून, धुऊन, पाणी निथळल्यावरच आत येत. दुसरे कारण व्यवहाराचे. उघड्या मोरीला वास येणारच, हे गृहीत धरून ती घराच्या कडेला ठेवलेली असे. वास उघड्यावर विरून जाई. भांडी घासण्यास चुलीतील राख व नारळाची शेंडी वापरीत. राखेतील क्षार तेलकटपणा धरून ठेवीत आणि उरलेला गाळ मोरीच्या तोंडाशी साचे. तो हाताने किंवा खराट्याने काढता येई.

तंत्राच्या भाषेत सांगावयाचे तर या मोरीत पाण्याची वाट आणि हवेची वाट एकच होती. प्रवाह पूर्णपणे उघडा असल्याने त्यामागे पोकळी निर्माण होण्याचा प्रश्न नव्हता. मात्र घर आणि गटार यांच्यामध्ये कोणताही अटकाव नव्हता. ज्या भोकातून पाणी बाहेर जाई, त्याच भोकातून उंदीर, झुरळे व विंचू आत येत. या व्यवस्थेचा गौरव करताना तिची ही उणीव, तसेच गावातील घाण उपसण्याचे काम जातिव्यवस्थेने ठरावीक समाजांवर लादलेले होते ही वस्तुस्थिती, नजरेआड करता येत नाही. परसातील मोरीचे पाणी केळीला जाई हे खरे. पण गल्लीत साचलेल्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्या व्यवस्थेने सोडविलेला नव्हता. गांधीजींनी १९४१ च्या आपल्या विधायक कार्यक्रमात ग्रामसफाईला स्वतंत्र स्थान दिले, ते याच पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

५. मुंबईची न्हाणी

औंध परिसरातील मोरीचा पुढचा अध्याय मुंबईत घडला. सातारा जिल्ह्यातील व आसपासच्या दुष्काळी भागातील असंख्य कुटुंबे गिरण्यांत व गोद्यांत कामासाठी मुंबईस गेली. परस मागे राहिले आणि मोरी मात्र खोलीच्या कोपऱ्यात आली. चाळीतील एका खोलीच्या घरात स्नान, भांडी आणि कपडे या सर्वांसाठी ही एकच न्हाणी होती.

मुंबईत पाणी आधी आले आणि गटार नंतर. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात पोहोचले. १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड यांच्या काळात स्वच्छतेच्या सुधारणांना वेग आला खरा. परंतु वाढलेले सांडपाणी शहराबाहेर नेण्याची शास्त्रशुद्ध व्यवस्था पुढे कित्येक वर्षे अपुरी राहिली. वापरलेले पाणी वस्तीतच जिरून जमिनी ओल्या राहू लागल्या. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली, तेव्हा चाळींतील अंधाऱ्या, ओल्या मोऱ्या अधिकाऱ्यांच्या नजरेत प्रथम आल्या. गटारे जंतुनाशकांनी धुण्याचे प्रचंड काम हाती घेण्यात आले. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे पुढे सिद्ध झाले. पण मोरीचे भोक बंद केले पाहिजे, हा धडा त्या साथीने घालून दिला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाच्या आणि पुढे १९२० च्या दशकात उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींच्या रचनेत हवा, उजेड व निचरा यांना मिळालेले महत्त्व त्यातूनच आले.

या काळात इंग्लंडमधून आलेला ट्रॅप पश्चिम भारतातील न्हाणीत बसला आणि त्याला स्थानिक नाव मिळाले. जमिनीवरील पाणी गोळा करणाऱ्या, जाळीने झाकलेल्या ट्रॅपला भारतीय स्थापत्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. घरगुती बोलीतील शब्द देशभरातील तांत्रिक परिभाषेत स्थिरावल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. मराठी भाषकांनी त्याची दखल मात्र फारशी घेतलेली नाही.

६. ट्रॅप आणि वायुनळी

ट्रॅपची कल्पना साधी आहे. नळीला खाली वाकवून पुन्हा वर घेतले की वाकणात थोडे पाणी नेहमी अडून राहते. हा जलबंध गटारातील वायूला घरात येऊ देत नाही. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये अशा वाकणासह शौचकूपाचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकात दूषित हवेमुळे रोग होतात अशी समजूत प्रबळ असल्याने ट्रॅपला विलक्षण महत्त्व आले. ही समजूत पुढे मागे पडली. पण ट्रॅप टिकला, कारण दुर्गंधी, कीटक आणि गटारातील घातक वायू अडविण्याचे त्याचे काम खरेच होते.

जलबंधाची खोली सामान्यतः सुमारे ५० मि.मी. असते. एवढ्या पाण्याच्या स्तंभाचा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम दोनशेव्या भागाइतका भरतो. म्हणजेच नळीतील हवेच्या दाबात अगदी अल्प फरक पडला तरी हे पाणी जागचे हलू शकते. सिंकभर पाणी एकदम सोडले की ते नळीचा पूर्ण छेद व्यापून खाली धावते. त्याच्या मागे हवा कमी पडते, पोकळी निर्माण होते आणि ती भरून काढण्यासाठी ट्रॅपमधील पाणी ओढले जाते. यालाच सायफन म्हणतात. शेवटी येणारा 'गुडगुड' असा आवाज म्हणजे नळीने ट्रॅपमधून ओढलेला श्वास होय. जलबंध गेला की गटार आणि स्वयंपाकघर पुन्हा एक होतात, आणि या वेळी ते परसात नसून चुलीशेजारी असते.

या दोषावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन उपाय पुढे आले. एक म्हणजे ट्रॅपच्या पुढे नळीला जोडलेली आणि छपराच्या वर उघडी ठेवलेली वायुनळी. पाणी खाली जाताना हवा तीमधून आत येते आणि जलबंध शाबूत राहतो. दुसरा उपाय तोड देण्याचा. सिंकची नळी भिंतीबाहेर काढून उघड्यावर, गली ट्रॅपच्या जाळीवर सोडावयाची. नळीचे टोकच हवेत असल्याने स्वतंत्र वायुनळीची गरज उरत नाही. मुंबई, पुणे आणि पुढे तालुक्याच्या गावांतही हा दुसरा उपाय रुळला. सिंक बाहेरच्या भिंतीला, खाली छोटा चेंबर, आणि त्यात पडणारी आखूड नळी ही रचना महाराष्ट्रातील बैठ्या घरांत आजही सर्वत्र दिसते. ती यशस्वी ठरण्याचे कारण तिच्यातील ही उघडी तोड आहे, हे बहुधा विसरले गेले आहे.

७. खरकटे चुलीशेजारी आले

किर्लोस्करवाडीसारख्या वसाहतीत आखीव घरे व नियोजित वस्ती यांचा प्रयोग विसाव्या शतकाच्या आरंभीच झाला. त्याच वाडीतील कारखान्यात पुढे पाण्याचे पंप बनू लागले आणि त्याच वाडीतून १९३० पासून स्त्रीजीवनाच्या प्रश्नांना वाहिलेले 'स्त्री' मासिक निघू लागले. पाणी उपसण्याचे यंत्र आणि गृहिणीच्या कष्टांचा विचार एका माळरानावर एकत्र यावेत, हा योगायोग या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. पाणी उपसण्याचे श्रम यंत्राने हलके झाले की वापर वाढतो, आणि वापर वाढला की निचऱ्याचा प्रश्न दाराशी येतो.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर शहरांतून आणि मग खेड्यांतून स्वयंपाकाची बैठक मोडली. रॉकेलचा स्टोव्ह व नंतर गॅसची शेगडी आली आणि स्वयंपाक उभ्याने होऊ लागला. ओट्याला सिंक जोडले गेले. हे मोरीचे पहिले स्थलांतर होय. परसातील खरकटे चुलीशेजारी आले, ही घटना आचाराच्या इतिहासातही महत्त्वाची आहे. सोवळ्याचे बंधन सैल झाल्याखेरीज ती शक्य नव्हती. गृहिणीची परसापर्यंतची ये-जा थांबली आणि वाकून, उकिडवे बसून भांडी घासण्याचे कष्ट कमी झाले. हा लाभ निर्विवाद आहे.

या बदलाचा एक परिणाम मात्र नळीत घडला. गॅसबरोबर राख गेली आणि तिच्या जागी साबण आला. साबणाने सुटलेले तेल-तूप पाण्याबरोबर नळीत उतरते आणि थंड झाल्यावर तिच्या आतील बाजूस थरावर थर बसते. परसातील मोरीत जो गाळ डोळ्यांना दिसे, तो आता दिसेनासा झाला. चेंबर तुंबल्यावर तो उपसणारे हात मात्र पुष्कळदा त्याच समाजांतील माणसांचे राहिले. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेविरुद्ध २०१३ मध्ये अधिक कडक कायदा झाला, यावरून हा प्रश्न किती दीर्घकाळ टिकला याची कल्पना येते.

८. सिंकचे दुसरे स्थलांतर

आज ज्याला सिंक हलविणे म्हणतात, ते दुसरे स्थलांतर. त्याची कारणे विविध आहेत. घर वाढविताना बाहेरची भिंत आतली होते. नव्या पद्धतीच्या ओट्यासाठी मांडणी बदलते. वास्तुशास्त्रानुसार अग्नी आग्नेयेस व पाणी ईशान्येस असावे म्हणूनही सिंकची दिशा बदलली जाते. खानापूर-आटपाडी भागातून गलाई व्यवसायानिमित्त देशभर गेलेल्या कुटुंबांनी शहरांतील घरे पाहून गावाकडे तशी घरे बांधली, त्यांतही आतल्या भिंतीवरचे सिंक आले.

या स्थलांतरास पीव्हीसी नळ्यांनी मोठी चालना दिली. बिडाच्या नळ्यांचे सांधे शिसे ओतून भरावे लागत. ते जाणत्या कारागिराचे काम होते. १९९२ मध्ये सांडपाण्याच्या पीव्हीसी नळ्यांसाठी स्वतंत्र भारतीय मानक आले आणि करवत व चिकटद्रव यांच्या साह्याने कोणालाही नळी जोडता येऊ लागली. जोडणी सोपी झाली, परंतु ढाळ, व्यास आणि हवा यांचे गणित तेवढेच राहिले.

ते गणित एका उदाहरणाने स्पष्ट होईल. बाहेरच्या भिंतीवरील सिंक आतल्या भिंतीवर ४ मीटर अंतरावर नेले, असे समजू. दर मीटरला सुमारे २.५ सें.मी. ढाळ धरल्यास नळीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १० सें.मी. खाली असले पाहिजे. जमिनीत एवढी जागा नसेल तर नळी ओट्याखालून भिंतीलगत न्यावी लागते. ढाळ कमी पडला तर गाळ बसतो. ढाळ फार वाढविला तर पाणी वेगाने निघून जाते, जलबंध ओढला जातो आणि तेलकट थर मागे राहतो. ब्रिटनमधील इमारत नियमांच्या मार्गदर्शिकेत स्वतंत्र वायुनळी नसलेल्या सिंकच्या नळीसाठी मीटरला १८ ते ९० मि.मी. ढाळ सांगितला असून, ४० मि.मी. व्यासाच्या नळीची लांबी ३ मीटरपर्यंत आणि ५० मि.मी. व्यासाच्या नळीची ४ मीटरपर्यंत मर्यादित केली आहे. म्हणजे वरील उदाहरणात ४० मि.मी. ची नळी अपुरी पडेल आणि ५० मि.मी. ची नळी मर्यादेच्या टोकावर असेल. त्याहून लांब नेणे असल्यास वायुनळी अनिवार्य ठरते.

वायुनळी ट्रॅपच्या जवळच, पण त्याच्या पुढच्या बाजूस जोडावी लागते. ती सिंकच्या काठापेक्षा वर चढल्यावरच आडवी वळवावी, अन्यथा नळी तुंबल्यावर सांडपाणी तीत शिरते आणि ती निकामी होते. तिचे वरचे तोंड छपराच्या वर उघडे असावे. जेथे भिंतीतून वर जाणे शक्य नसते, तेथे हवा आत घेणारी पण बाहेर न सोडणारी झडप वापरतात. ही झडप स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाली. मात्र ती ट्रॅपच्या वर आणि हाती लागेल अशा जागी बसवावी लागते. शिवाय गटाराच्या मुख्य उभ्या नळीचे तोंड छपरावर उघडे असणे आवश्यक असते, कारण बाहेर पडू पाहणाऱ्या वायूला झडप वाट देत नाही.

प्रत्यक्षात घडते ते याच्या उलट. सिंकखालची लवचीक नळी जमिनीतील भोकात सैल सोडलेली असते. तिच्या भोवतीच्या फटीतून हवा जात असते. नव्या मांडणीत ही फट झुरळांच्या भीतीने सिमेंटने बुजविली जाते. गच्चीवर खोली बांधताना उभ्या नळीचे तोंड कापले किंवा झाकले जाते. डासांसाठी जाळी बसविण्याऐवजी तोंडच बंद केले जाते. प्रत्येक कृतीमागे स्वच्छतेचाच हेतू असतो. परिणाम मात्र जलबंध गमावण्यात होतो. मग वास येतो म्हणून सुगंधी गोळ्या टाकल्या जातात, आणि मूळ दोष भिंतीत तसाच राहतो.

हा दोष केवळ गैरसोयीचा आहे असे समजणे धोक्याचे आहे. २००३ मध्ये हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्स रोगाची तीनशेहून अधिक जणांना लागण झाली. चौकशीत न्हाणीघरांच्या जमिनीतील कोरडे पडलेले ट्रॅप आणि पंख्यांनी त्यांतून ओढून घेतलेली दूषित हवा हे प्रसाराचे महत्त्वाचे कारण म्हणून पुढे आले. सायफनने असो वा बाष्पीभवनाने, पाणी गेलेला ट्रॅप हा उघडाच दरवाजा असतो. माण-आटपाडीच्या उन्हाळ्यात महिनोन्महिने बंद राहणाऱ्या घरांत जलबंध वाळून जाणे अटळ आहे. परगावाहून परतल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय.

९. नळ आला, वाट कोणती ?

औंध परिसराचे पाण्याचे चित्र गेल्या काही दशकांत पालटले आहे. टेंभू उपसा सिंचन योजनेने कृष्णेचे पाणी आटपाडीपर्यंत नेले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घरास नळाद्वारे माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पाच माणसांच्या घरात याचा अर्थ दिवसाला २७५ लिटर पाणी, आणि त्याचा बहुतांश भाग सांडपाणी म्हणून बाहेर पडणार. १८६० नंतरच्या मुंबईत जे घडले, त्याची लहान आवृत्ती आता गावोगावी घडण्याचा संभव आहे : पाणी नळाने आत येते आणि बाहेर मात्र रस्त्यावर जाते.

महाराष्ट्राने या प्रश्नाला स्वतःची उत्तरेही दिली आहेत. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने शोषखड्डा हा शब्द घरोघरी नेला. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून गटारमुक्तीचा मार्ग दाखविला. परसातील केळीच्या आळ्याचीच ही सुधारलेली आवृत्ती होय. मात्र शोषखड्डा ही वाटेची अखेर आहे. सिंकपासून तेथवरची वाट घरमालकाच्या आणि गवंड्याच्या हाती असते. शोषखड्ड्यापूर्वी गाळ व तेलकटपणा अडविणारा छोटा, उघडता येणारा चेंबर नसेल तर खड्डा लवकर निकामी होतो. आणि ट्रॅपला हवा मिळत नसेल तर उत्तम खड्डा असूनही वास स्वयंपाकघरातच येतो.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) पारंपरिक मोरीचे स्थान पाण्याचे दुर्भिक्ष्य, खरकट्याविषयीचा आचार आणि वासाची गृहीत धरलेली अडचण या तिन्हींनी ठरविले होते. यांतील पहिली दोन कारणे मागे पडताच मोरी घरात आली.

(२) ट्रॅप आणि हवेची वाट या एकमेकांना पूरक गोष्टी आहेत. नळी जेथे बंदिस्त झाली, तेथे हवेला वेगळी वाट देणे भाग पडले. बाहेरच्या भिंतीवरील सिंक आणि गली ट्रॅप यांच्या रचनेत ही वाट आपोआप मिळत होती. सिंक आत नेताच ती हेतुपूर्वक निर्माण करावी लागते.

(३) साहित्य सुलभ झाल्याने जोडणीचे कौशल्य सार्वत्रिक झाले, पण तिच्यामागील शास्त्र तसे झाले नाही. ग्रामीण भागातील गवंडी व नळ कारागीर यांच्या प्रशिक्षणात ढाळ, व्यास व वायुनळी यांचा समावेश करणे आवश्यक आहे. आयटीआय व महाविद्यालयांच्या विस्तारकार्यातून हे साधता येईल.

(४) ग्रामपंचायतीने घरबांधणीस परवानगी देताना पाण्याच्या जोडणीबरोबर निचऱ्याची व हवेची वाटही नकाशावर मागावी. ग्रामपंचायतीला राज्याचा पाया मानणाऱ्या औंधच्या प्रयोगाशी हे सुसंगतच ठरेल.

घराचा इतिहास पुष्कळदा दर्शनी भागावरून, दिंडीदरवाजावरून आणि चौकावरून लिहिला जातो. सिंकखालच्या वाकलेल्या नळीत अडून राहिलेले दोन बोटे पाणी हाही त्या इतिहासाचाच भाग आहे. ते पाणी जागच्या जागी राहावे यासाठी त्यामागे हवा पोहोचली पाहिजे, आणि सिंक कोठेही नेले तरी ही गरज त्याच्याबरोबरच जाते.